शत्रू शोधायला जुन्नर-आंबेगावात

लोक जुन्नरला किल्ला बघायला जातात, लेणी बघायला जातात, हंगामात द्राक्षं खायला जातात. मी शत्रू शोधायला गेले होते. एसटीत शेजारच्या बाईंना मी हे असंच तोंडावर सांगून टाकलं, तर त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसल्या. म्हणून इथे आधीच खुलासा करते.

पुण्यात आमची एक छोटी कंपनी आहे, कॉम्प्युटरवरचे गेम बनवणारी. निखिल मालक, दोघी चित्रं काढणाऱ्या, आणि मी गोष्ट लिहिणारी. आमच्या धंद्यात गोष्ट म्हणजे एवढंच, की खेळणाऱ्याच्या हातात बंदूक दिल्यावर ती कोणावर आणि का चालवायची याचं कारण. आजवर दुसऱ्यांच्या गेमसाठी मी हे कारण लिहीत आले, आणि ते दर वेळी जर्मनच निघालं. बर्फातले जर्मन, पावसातले जर्मन, चर्चच्या मनोऱ्यात दडून बसलेले जर्मन. मी आयुष्यात कधी युरोपात गेले नाही, पण दुसऱ्या महायुद्धातला फ्रान्सचा किनारा मला आमच्या कोथरूडपेक्षा जास्त पाठ आहे.

जगात लढायांना काही तोटा नाही. मग गेमवाले पुन्हा पुन्हा त्याच दोन-तीन लढायांच्या दारात का जातात? आपल्या मातीत इतकी भांडणं झाली, त्यातलं एकही कुणाच्या पडद्यावर का नाही? हा प्रश्न मी निखिलला इतक्या वेळा विचारला की तो मला चहा देताना आधीच हात जोडायचा. यंदा आमचा स्वतःचा पहिला गेम करायची संधी आली, एक परदेशी पैसेवाला तयार झाला, आणि निखिल म्हणाला, जर्मन करू. मी भांडले. चांगली कचकचून भांडले.

"बरं," तो शेवटी म्हणाला, "जा. तुझी लढाई घेऊन ये. पण नुसता पराक्रम नको मला. शत्रू आण. पहिल्या मिनिटात कळलं पाहिजे, मारायचं कोणाला. मंगळवारी ठरवून कळवायचंय. तोवर आणलास तर तुझा गेम, नाहीतर जर्मन." आणि मग जरा नरमून, "ओतूरला आमच्या घरी उतर. मम्मी खूश होईल."

अशी मी निघाले. आमच्या पहिल्या गेममध्ये आपली माती असणार की फ्रान्सची, ते माझ्या या प्रवासावर ठरणार होतं, आणि मला ते फार मनापासून हवं होतं.

जुन्नर

जुन्नरमध्ये किल्ला शोधावा लागत नाही. कुठल्याही गल्लीत शिरा, भांड्यांची दुकानं, बी-बियाण्यांच्या पाट्या, मोबाईलची कव्हरं लटकवलेले गाळे, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर शिवनेरी उभा. चैत्राचं ऊन तापायला लागलं होतं. मी उत्साहाने किल्ला चढायला घेतला आणि पहिल्या दरवाज्याच्याही आधी चपलेचा अंगठा तुटला. एक पाय अनवाणी अशी लंगडत खाली बाजारात आले, नवी चप्पल घेतली, आणि समोर मिसळीची पाटी दिसली म्हणून आत शिरले. माझ्या बऱ्याच संशोधनाची सुरुवात अशीच होते.

हॉटेलचे मालक दत्तूभाऊ स्वतःच वाढत होते. गिऱ्हाईक मी एकटीच, त्यामुळे रस्सा वाढता वाढता चौकशी सुरू झाली. कुठनं आलात, काय करता. मी सांगितलं. त्यांना काही विचार करावा लागला नाही.

"मग त्यात अवघड काय? महाराजांवर करा की. हितं जन्मले, वर किल्ला हाय डोळ्यासमोर."

"मलाही वाटतं हो, भाऊ. पण खेळणारा महाराज झाला आणि हरला तर?"

"हरंल कसा?"

"सुरुवातीला सगळेच हरतात. शिकेपर्यंत सारखे मरतात, आणि बटण दाबून परत उठतात. गेम असाच असतो."

दत्तूभाऊंनी डाव पातेल्यात ठेवला. "म्हंजी कुनीबी सोम्यागोम्या उठनार, महाराज व्हनार, आन् पडनार?"

"हो."

"मग नगं. न्हाईच करायचं." त्यांनी फडक्याने टेबल पुसलं, जे आधीच स्वच्छ होतं. मग त्यांना माझी कीव आली असावी. "मावळा करा. मावळा पडला तर चालंल." दोन पावलं गेले आणि तिथूनच वळले. "चालंल तरी कसं म्हना. आमचंच घराणं धरा, त्यातला न्हवं का मावळा."

पावाची आणखी एक जोडी त्यांनी न मागता वाढली आणि तिचे पैसे घ्यायला नाही म्हणाले. गेम बंद पाडल्याची भरपाई असावी ती. मिसळ मात्र अशी होती की पुण्यात आम्ही जिला झणझणीत म्हणतो ती आजारी माणसाची पेज वाटावी.

खाऊन झाल्यावर मी तिथेच बसून विचार केला. जर्मन शिपायाचा फोटो इथे कुणाच्या देव्हाऱ्यात नाही. त्याला शंभरदा पाडलं तरी कुणाची मिसळ थंड होत नाही. आपल्या माणसांना आपण इतकं वर ठेवलंय की हरायला त्यांना खाली उतरवणं आपल्याला जमत नाही. मला याचा राग यायला हवा होता, पण दत्तूभाऊंचा चेहरा आठवला की येत नव्हता.

ओतूर

निखिलचं घर म्हणजे बाजारपेठेतलं कापडाचं दुकान, आणि वरच्या मजल्यावर संसार. यांचे पूर्वज राजस्थानातून आले त्याला किती पिढ्या झाल्या हे आता घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. भाव मराठीत करतात आणि रागावतात मारवाडीत. निखिलचे वडील, शांतिलालशेठ, गादीवर बसून मला म्हणाले, "या, या. आमच्या चिरंजीवांच्या फौजेतल्या ना तुम्ही?"

घर जैन. जेवण दिवसाउजेडी, सूर्य मावळायच्या आत. माझ्यासारख्या रात्री दहाला फ्रीज उघडणाऱ्या बाईला हे अवघड जाईल असं वाटलं होतं, पण निखिलच्या आईने केलेली गट्ट्याची भाजी आणि तुपात बुडवलेली बाटी खाल्ल्यावर रात्री दहाला मला फक्त झोप हवी होती. कांदा नाही, लसूण नाही, आणि तरी चव अशी की मी दोनदा विचारलं, यात नक्की काय घातलंय. पाणी गाळून प्यायचं. सकाळी उंबऱ्यावर मुंग्यांची रांग निघाली तेव्हा निखिलची आई हातात कणकेची चिमूट घेऊन आली, ती कडेला लांब टाकली, आणि मुंग्या तिकडे वळेपर्यंत घरातल्या एकानेही उंबरा ओलांडला नाही. शेठसुद्धा दुकान उघडायचं सोडून हातात किल्ल्या घेऊन उभे.

या घरातला मुलगा पुण्यात बसून हातबॉम्ब कसा फुटला की माणूस किती उंच उडेल याचा हिशेब करतो. मला राहवेना. शेठना विचारलंच.

"त्यानं पहिल्यांदा दाखवलं तवा मी दोन दिवस बोललो न्हाई त्याच्याशी," ते म्हणाले. "मग त्याची आई म्हणाली, पडद्यावरच्याला जीव नसतो, म्हणून पाप नाही. मी म्हटलं, पाप नसंल. पण हौस कसली ही?"

"आणि आता?"

"आता काय. नातवाच्या वयाची पोरं येऊन विचारतात, काका, निखिलदादा आलाय का. बरं वाटतं." त्यांनी कापडाचं ठाण गुंडाळलं. हसले. बापाचं मन ते, अहिंसेशी त्याने आपली वेगळी तडजोड करून घेतली होती.

गेमवाले त्याच त्या लढाया का घेतात, हा माझा प्रश्न त्यांना दुकानदाराचाच वाटला. "लग्नाचा बस्ता बांधायला बाई येते. मी तिच्यासमोर सगळं दुकान उलगडतो. नवी डिझाईनं दाखवतो. शेवटी ती काय म्हणते? शेजारणीच्या लेकीच्या लग्नात बघितली, तसली द्या. गिऱ्हाईक बघितलेलंच मागतं. तुमच्या त्या लढाईचं तसंच. सिनेमात बघितली, पुस्तकात वाचली. मग अनोळखी माल दुकानदार पुढं मांडायचाच सोडतो, आन् मांडल्याबिगर तो ओळखीचा व्हत न्हाई."

खरं होतं ते. त्या युद्धाच्या प्रत्येक बटणाचा, प्रत्येक बुटाचा फोटो आहे. चित्रं काढणाऱ्या आमच्या दोघींना फक्त बघून काढायचं असतं. आपल्याकडच्या एखाद्या गावच्या लढाईत माणसाच्या पायात काय होतं हेही धड सांगता येत नाही. मी जरा खट्टू होऊन बसले, तेव्हा शेठ म्हणाले, "आंबेगावातल्या लोणीच्या पल्याड जा. तात्या म्हणून आहेत. त्यांची लेक ओतूरला दिली, बस्ता आमच्याकडंच बांधला. त्यांच्या दाराशी लढाईचा दगड आहे. तुमचा माल तिथं मिळंल."

त्यांनी लगेच फोन लावला. निखिलच्या आईने वाटेसाठी खाकऱ्यांचा इतका मोठा डबा दिला की लॅपटॉपची पिशवी त्यापुढे पोरकी दिसू लागली.

लोणीच्या पल्याड

इथे दोन गावं आहेत. त्यांची नावं मी लिहिणार नाही. का ते पुढे कळेल. एक वरचं गाव, एक खालचं, मधे ओढा. ओढ्याला उन्हाळ्यात पाणी कमी आणि बाभळी जास्त. आंबेगावचा हा पूर्वेचा भाग मोकळा, सपाट. जुन्नरचे डोंगर इथून आकाशाच्या कडेला निळ्या रेघेसारखे दिसतात.

लोणीच्या स्टँडवर तात्या मोटारसायकल घेऊन आले. पांढरी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, आणि बोलताना मागे वळून बघायची सवय, त्यामुळे सगळा रस्ता मी जीव मुठीत धरून होते. वरच्या गावात त्यांच्या दारापुढे लिंबाच्या झाडाखाली उतरले, हुश्श केलं, आणि पिशवी एका शेंदूर लावलेल्या उभ्या दगडाला टेकवून ठेवली.

"पोरी, त्येंच्या अंगावर नगं ठिवू," दारातून आवाज आला. तात्यांच्या घरच्या अनसूयाकाकू. ठसठशीत कुंकू, ठेंगणी मूर्ती. रागावल्या नव्हत्या, पाहुण्याच्या अंगावर कुणी छत्री टेकवली तर जसं सांगावं तसं सांगितलं. मी पिशवी उचलली आणि दगडाची माफी मागितली, तेव्हा काकूंना मी आवडले.

तोच तो दगड. वीरगळ. तीन कप्पे कोरलेले. सगळ्यांत खाली एक माणूस तलवार घेऊन उभा, पायाशी गाई. मधल्या कप्प्यात त्याला दोन अप्सरा हाताला धरून नेताहेत. सगळ्यांत वर तो महादेवाच्या पिंडीपुढे हात जोडून बसलाय. शेंदराच्या थरांखाली नाक-डोळे केव्हाच बुजले होते, पण गाईंची शिंगं बोटांना लागत.

तात्यांनी गोष्ट सांगितली. फार जुनी, घरात आज्यापासून चालत आलेली. दुष्काळाचं साल. खालच्या गावच्या लोकांनी सांजच्याला ओढ्यावर पाणी पिणाऱ्या या गावच्या गाई वळवून नेल्या. गावातले बाप्ये बाजाराला गेलेले. तात्यांच्या घराण्यातला हा एकटा धावला, ओढ्यात त्यांना गाठलं, गाई परत फिरवल्या, आणि तिथेच पडला. मारणाऱ्याचं नावही तात्यांना माहीत होतं. आसपास कुणी नसताना त्यांनी ते आवाज खाली करून सांगितलं.

हीच माझी लढाई. तोफांची गरज नाही, सैन्याची गरज नाही. एक ओढा, एक एकटा माणूस, गाई, आणि पलीकडे शत्रू. मी गच्चीवर गेले, कारण रेंज तिथेच येत होती, आणि निखिलला फोन लावला.

"शत्रूला नाव आहे?" तो म्हणाला.

"आहे."

"गाव?"

"आहे. इथून त्यांच्या देवळाचा कळस दिसतोय."

"मिळाली," निखिल म्हणाला, आणि त्याने चित्रं काढणाऱ्या दोघींना इतक्या जोरात हाक मारली की मला कळलं, जर्मनांना तोही कंटाळला होता. आनंदाने मला रडू येईल असं वाटलं.

उतरत्या उन्हात तात्यांना मी आम्ही दुसऱ्यांसाठी केलेला एक जुना गेम दाखवला. फ्रान्समधलं खेडं, उभा गहू, पलीकडे दगडी घरात बंदूकवाला जर्मन. गव्हातून रांगत जायचं, म्हणजे तो बघत नाही. तो सगळा गहू आम्ही त्यासाठीच पेरलाय. तात्यांनी माऊस हातात घेतला, गव्हाजवळ गेले, थांबले, आणि बांधावरून चालायला लागले. बांधावर लपायला काही नाही. गोळी लागली.

"तात्या, गव्हातून जायचं."

"हां, हां." पुन्हा उठले, पुन्हा बांधावरून. पुन्हा पडले. तिसऱ्यांदाही तेच. मी त्यांचा हात धरून माऊस गव्हात नेऊ लागले तर त्यांनी तो मागे ओढला.

"उभ्या पिकातनं कसं जायाचं राव? ओंब्या भरल्यात. कुनी पेरलंय त्ये?"

"कुणी नाही. चित्र आहे."

"चित्रातला बी त्याच्या मालकानंच पेरला असंल ना." आणि चौथ्यांदा बांधावरून निघाले. काकू दाराशी उभ्या राहून हसत होत्या. "मरत्याल पन बांध सोडायचे न्हाईत," त्या म्हणाल्या. "घरात बी असंच हाय."

मीही खूप हसले. पण ते दृश्य लिहिताना मी एकदाही विचारलं नव्हतं की तो गहू कुणाचा. गावातली माणसं 'पळून गेली आहेत' असं एक वाक्य टाकलं होतं, की झालं, सगळं शिवार बंदुकीला मोकळं. असल्या लढाया आम्हाला का आवडतात त्याचं उत्तर जवळजवळ हातात आलं होतं. पूर्ण आलं ते दुसऱ्या दिवशी.

दुसरा दिवस दगडाचा होता. जत्रेच्या आदल्या दिवशी त्याची पूजा असते. सकाळी काकू मासवड्या करायला बसल्या आणि मी शेजारी. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, त्यावर तीळ, खोबरं, लसणाचं सारण पसरायचं, फडक्यानेच दुमडून माशासारखी लांबट वळी दाबायची आणि मग वड्या कापायच्या. माझी वळी फाटली. काकू म्हणाल्या, ऱ्हाऊ दे, ती ह्येंना वाढीन. मी खुशीत होते. मग गेमचं सगळं सांगत सुटले: गाई कशा येतील, ओढा कसा दिसेल, आणि खालच्या गावचा तो माणूस. त्याला मी काळं घोंगडं देणार होते. खेळणारी पोरं त्याला आणि त्याच्या माणसांना शोधून शोधून मारतील, असं म्हणाले.

काकूंचा हात फडक्यावर थांबला.

"माजं म्हायेर हाय त्ये," त्या म्हणाल्या.

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी ते नाव घेतलं, जे तात्यांनी हळू आवाजात सांगितलं होतं. त्यांच्या बापाच्या घराण्यातलं नाव. काकू मारणाऱ्याच्या घरात जन्मल्या आणि मरणाऱ्याच्या घरात नांदायला आल्या. आणि त्या एकट्या नव्हत्या. वरच्या गावातल्या कितीतरी सुना खालच्या गावच्या, खालच्या गावातल्या वरच्या गावच्या. दोन्ही गावांची सोयरीक ओढ्यापेक्षा दाट.

"मागं पोरांनी मोबाईलवर व्हिडिओ केला," काकू सांगू लागल्या. "ह्या दगडाफुडं उभं ऱ्हाऊन. चोरांचं गाव, असं म्हनून. गानं लावलं वर. सगळीकडं फिरला. त्या साली गाय आली न्हाई."

"गाय?"

"दुपारी बग." पुन्हा वळी दाबू लागल्या. "माजा भाऊ आला न्हाई त्या साली. मी सैपाक करून बसले व्हते. ह्यांच्यासमोर रडायला येईना, कारन ह्यांच्याच घरान्याचा दगड. जात्यापाशी बसून रडले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुजा त्यो गेम किती लोक बगत्यात?"

किती ते मी सांगितलं नाही. खूप, म्हणाले.

"मग माज्या म्हायेराला त्यात मारू नगं, पोरी. पुन्यांदा गाय न्हाई आली, तर मी काय करू?"

दुपारी गाय आली. ओढ्यापलीकडून वाजंत्री ऐकू आली, मग बाभळींतून माणसं, आणि पुढे काकूंच्या भावाने दावं धरलेली एक तांबडी गाय, शिंगांना बेगड लावलेली. दर वर्षी खालचं गाव एक गाय घेऊन येतं. ती दगडाभोवती फिरवतात. खालच्या गावचे लोक आपल्या हातांनी दगडाला पाणी घालतात, शेंदूर लावतात. मग त्यांच्यातला वडीलधारा दगडापुढे टोपी काढून म्हणतो, "गाय आनली. राग धरू नगा."

आणि दगडाच्या वतीने उत्तर देते ती त्या घरची थोरली सून. काकूंनी डोक्यावरचा पदर नीट केला. समोर त्यांचा सख्खा भाऊ उघड्या डोक्याने उभा होता.

"बसा," त्या म्हणाल्या. "जेवा."

गाईला हळदकुंकू लावलं, पुरणाचा घास दिला, आणि दावं पुन्हा भावाच्याच हातात दिलं. गाय परत त्यांच्याकडेच जाते. मग पंगत बसली आणि पहिलं पान खालच्या गावाला वाढलं. तात्या मेहुण्याला आग्रह करकरून मासवडी वाढत होते आणि मेहुणा नको नको म्हणत खात होता. माझी फाटलेली वळी त्याच्याच पानात गेली. भाऊ-बहिणीत ऊस, पाऊस, कुणाचं लग्न असल्या गप्पा चालल्या होत्या. मी कुणाला कळू नये असे डोळे पुसले, पण तात्यांना कळलं. "रस्सा तिखट हाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. फार बरे वाटले ते मला त्या वेळी.

निघताना मी काकूंना शब्द दिला, तुमच्या माहेराला गेममध्ये कुणी मारणार नाही. मोटारसायकलवर मागे बसून, तात्या मागे वळून बोलत असताना आणि समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असतानाही, माझ्या डोक्यात तेच एक चालू होतं. ज्या लढाईत पलीकडे आपलं कुणाचंच माहेर नाही, तीच गेमला सोयीची. ती कितीही वेळा लढा, कुणाच्या घरची गाय यायची थांबत नाही. आपल्याकडच्या लढायांत प्रत्येक ओढ्यापलीकडे कुणाचा तरी भाऊ टोपी काढून उभा असतो.

पुणे

मंगळवारी निखिलला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. आईच्या खाकऱ्याचा डबा मांडीवर घेऊन ऐकत होता.

"नावं बदलू," तो म्हणाला.

"तीन कप्प्यांचा दगड, ओढा, गाई. तिथलं शेंबडं पोरसुद्धा ओळखेल."

"मग दगड काढू. ओढा दुसरीकडे नेऊ. गाई चोरणारे कुणीतरी परके दाखवू, लांबून आलेले."

"कोण परके?"

"असेच. ज्यांचं इथे कुणी नाही असे." तो थांबला. माझ्याकडे बघितलं आणि त्यालाच हसू आलं. "म्हणजे जर्मनच की."

"आणि गाय?" मी म्हणाले. "गाईचाच गेम करू. आणणाऱ्यांचा."

त्यावर आम्ही दिवसभर डोकं लावलं, खरंच लावलं. त्या परदेशी माणसाला फोनही केला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि अतिशय नम्रपणे विचारलं की यात जिंकतं कोण. संध्याकाळी निखिलने जर्मन असं कळवून टाकलं. वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं. निखिलने मला घरापर्यंत सोडलं.

दोन-चार दिवसांनी काकूंना फोन केला. गेम होत नाही, म्हटलं, तुमचं माहेर सुखरूप आहे. त्यांना हायसं वाटलं हे फोनवरही कळलं. तात्यांनी मागून विचारलं, त्या गव्हाची मळणी झाली का. मग काकू म्हणाल्या, "तुजं नुकसान झालं का गं माज्यापायी?"

"नाही हो. दुसरा करतोय. जर्मनांचा. फार लांबची लढाई आहे काकू, समुद्रापलीकडची."

"तितं बी शेजारच्या गावात पोरी देत्यात का?"

"देत असतील की."

"मग तितल्या एकीला इचारलंस?"

माझ्यासमोर नव्या गेमची फाईल उघडी होती. पुन्हा तेच दगडी घर, गहू, खिडकीत बंदूकवाला. त्याला मी अजून नाव दिलं नव्हतं, देणारही नव्हते.

"नाही विचारलं," मी म्हणाले.

"इचार बाई," काकू म्हणाल्या. "तिचाबी भाऊ असंल त्यो."